बाहुलीच्या पायातली कापशी: कोल्हापुरातल्या पाटी नसलेल्या घरातून आणलेले जोड

आधी निकाल सांगतो. बार्बीच्या मापाची, हाताने केलेली, खऱ्या चामड्याची, कापशी नमुन्याची कोल्हापुरी चप्पल हवी असेल तर घ्या. जोडाचे ४५० रुपये जास्त नाहीत. मात्र तुमच्या बाहुलीची टाच उचललेली असेल तर पैसे वाया जातील, आणि लाल रंगाचा जोड मागितलात तर बाहुलीचे पायही लाल होतील. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं, कारण मी टूलरूममधला माणूस आहे आणि माप सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पुण्याजवळच्या भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये जिग, फिक्श्चर आणि डाय, म्हणजे मशीनवर काम पकडून ठेवणारी साधनं आणि साचे, करण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर नातीच्या बाहुलीचा हरवलेला सँडल करून दिला आणि त्या नादाला लागलो. नात आता बाहुल्यांच्या वयाची राहिलेली नाही. बाहुल्या माझ्या कपाटात आहेत, आणि त्यांच्याकडे घरातल्या सगळ्या माणसांहून जास्त पादत्राणं आहेत, असं आमच्या सौंचं म्हणणं आहे. बूट, कॅनव्हासचे शूज, पट्ट्यांचे सँडल हे सगळं मी घरी करतो. पायाला आधी पातळ प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचं, त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर द्यायचे, पेनाने शिवणीच्या रेघा मारायच्या आणि त्या रेघांवर कापून पट्टी उलगडायची, की बुटाचा नमुना हातात येतो. एम-सीलचा पाय करून तोच फर्मा, म्हणजे बूट ज्यावर चढवून बेततात तो साचा, म्हणून वापरतो. लेस ओवायची रिंग पितळेच्या बारीक नळीतून कापून काढतो. साहित्य पुण्याच्या बोहरी आळीत मिळतं, आणि पातळ चामड्याचे तुकडे मुंबईला गेलो की धारावीतून आणतो.

कोल्हापुरीची मात्र गोष्ट वेगळी आहे. बुटाला बाहुलीचा पाय चारही बाजूंनी मिळतो, त्यामुळे शिवण थोडी इकडेतिकडे झाली तरी बूट पायात राहतो. कोल्हापुरीला मागे पट्टा नाही, बक्कल नाही, नाडी नाही. पाय धरून ठेवतात ते दोघेच, वरचा पट्टा आणि पुढचा 'अंगठा', म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची कडी. आणि बार्बीच्या पायाला सुटा अंगठाच नाही! पाचही बोटं एकाच प्लॅस्टिकात कोरलेली असतात, त्यांच्यामध्ये फट नसते. म्हणजे ज्या कडीत पायाचा अंगठा अडकायचा, त्या कडीत अडकवायला तिच्याकडे काहीच नाही. हा प्रश्न ज्याने सोडवला नाही त्याची चप्पल कितीही सुबक असो, ती काचेच्या कपाटात नुसती ठेवायची. पायात घातली आणि बाहुली उचलली की खाली पडली.

दुसरी अडचण टाचेची. जुन्या पद्धतीच्या बार्बीचा पाय उंच टाचेच्या बुटासाठी चवड्यावर उभा असतो, तिला कुठलीही सपाट चप्पल होत नाही. १९५९ साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात आलेल्या पहिल्या बार्बीच्या तळपायांना तर भोकं होती, आत तांब्याच्या नळ्या बसवलेल्या. तिच्या काळ्या चपलांच्या तळालाही भोकं, आणि स्टँडवरचे दोन खिळे चपलेतून थेट पायात जायचे. पाय आणि चप्पल दोन्ही एकाच पिनवर लोकेट होतात, ही कल्पना आमच्या टूलरूममध्ये कुणी मांडली असती तर साहेबांनी पाठ थोपटली असती. स्टँडवरून काढली की मात्र चपला पुन्हा मोकळ्या. २०१५ मध्ये बार्बी करणाऱ्या मॅटेल कंपनीने काही बाहुल्यांना वळणारा घोटा दिला, त्याच सुमाराला 'मेड टू मूव्ह' ही सगळ्या सांध्यांत वळणारी, सपाट पायाची बाहुली आली, आणि २०१६ मध्ये 'कर्व्ही' (भरलेली), 'टॉल' (उंच), 'पेटीट' (ठेंगणी) अशा अंगाच्या बाहुल्या निघाल्या. कर्व्हीचा पाय रुंद असतो, तिला नेहमीच्या बार्बीचे बूट होत नाहीत. कोल्हापुरी घालायची तर 'मेड टू मूव्ह' किंवा 'कर्व्ही'सारखी सपाट पायाची बाहुली घ्या, चवड्यावर उभ्या असलेल्यांचा नाद सोडा.

मापाचाही एक घोटाळा आहे. बार्बी साडेअकरा इंच, म्हणजे २९ सेंटिमीटर उंच. तिला एक-षष्ठांश माप म्हणतात. तसं असेल तर २४ सेंटिमीटरच्या बाईच्या पावलाचं बाहुलीत ४ सेंटिमीटर व्हायला हवं. प्रत्यक्षात माझ्याकडच्या सपाट पायाच्या बाहुलीचं पाऊल व्हर्नियर कॅलिपरने मोजलं तर अडीच सेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणून मोठ्या चपलेची सगळी मापं सहाने भागून बाहुलीची चप्पल होत नाही. चामडं सहाने भागलं जात नाही, दोरा सहाने भागला जात नाही, आणि कारागिराची बोटं तर नाहीच नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कुणीतरी डोकं लावून ठरवावं लागतं.

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाच्या आसपास चपलेच्या आकाराच्या किचेन टांगलेल्या असतात. तीस-चाळीस रुपयांना मिळतात, दिसायला गोंडस, वरती गोंडाही असतो. हौशी लोक त्याच बाहुलीला घालतात आणि फोटो टाकतात. त्या किचेन म्हणून उत्तम आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यातला जोड उलटा करून बघा, डावी आणि उजवी एकच असते. एकाच साच्याने कापलेले दोन तुकडे. बाहुलीचं पादत्राण विकत घेताना मी पहिली परीक्षा तीच करतो, तळ वर करून दोन्ही शेजारी ठेवतो. डावं-उजवं नसेल तर तो दागिना, चप्पल नाही.

शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनमध्ये बाहुलीच्या मापाचं विचारलं तर बहुतेक दुकानदार हसतात. एकाने हसून झाल्यावर एक नंबर दिला. जवाहरनगरच्या बाजूला एका गल्लीत घर आहे, दारावर पाटी नाही, ओट्यावर ओली कातडी वाळत घातलेली असते, तीच खूण. नवरा-बायको दोघं काम करतात. दादा तळ आणि कान, म्हणजे बाजूच्या चामड्याच्या पाकळ्या, कापतात, वहिनी वेणी घालतात आणि शिवतात. धंदा मोठ्या चपलांचाच आहे. छोटे जोड हे वहिनींचं काम आणि तिथे शेवटचा शब्द त्यांचा, हे पाच मिनिटांत कळतं. कागदावर आणलेलं माप मी पुढे केलं, तर त्यांनी ते बघितलंही नाही. "पाय आणलाय न्हवं? मग कागुद कशाला?" पिशवीतून बाहुली काढली, त्यांनी तिला उलटी करून तळपाय बघितला, बोटांवरून नख फिरवलं आणि दादांना म्हणाल्या, "हिला अंगठाच न्हाई की ओ. अंगठा खालनं फोडाय लागतोय."

यातच सगळं आलं. त्यांनी केलेल्या जोडात अंगठ्याची कडी वरून पूर्ण दिसते, अगदी मोठ्या चपलेसारखी, पण खालून ती उघडी आहे. कडीची दोन टोकं तळाच्या दोन थरांमध्ये न घालता बाहेरच्या बाजूने पट्ट्यालाच शिवून टाकली आहेत. त्यामुळे बाहुलीचं अख्खं पाऊल तिच्याखालून सरकत पुढे जातं, आणि समोरून बघणाऱ्याला अंगठा कडीत अडकल्यासारखा वाटतो. मग चप्पल टिकते कशावर? पट्ट्यावर. तो पट्टा पावलाच्या मापापेक्षा किंचित तंग घेतलाय, आणि आतला तळ गुळगुळीत बाजू खाली, खरखरीत बाजू वर असा लावलाय, म्हणजे प्लॅस्टिकचा पाय त्यावर घसरत नाही. घरी येऊन मी बाहुलीचा पाय धरून हलवला, उलटी टांगली, पंख्याखाली ठेवली. जोड जागचा हलला नाही. इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेल्या पोरांना असा फिट कळायला आमच्याकडे वर्ष जायचं.

आता मापं. कापशी नमुना आहे, म्हणजे मुळातच हलका, वेणी आणि छोटे कान असलेला. पुकरीसारखे दणकट नमुने या आकारात चांगले दिसतील असं मला वाटत नाही. लांबी डावीची २७.२ मिलिमीटर, उजवीची २७.०. चवड्यापाशी रुंदी साडेअकरा. तळाची जाडी १.९, दोन थर मिळून. मोठ्या चपलेत तळाला म्हशीचं चामडं असतं, इथे दोन्ही थर शेळीच्या चामड्याचे आहेत आणि तेच योग्य आहे. म्हशीचं चामडं एवढं तासलं तर त्यात धरच राहणार नाही. वेणी तीन पेडांची, रुंदी अडीच मिलिमीटरच्या आत, आणि पेड शेवटपर्यंत सारखे. चामडं ओलसर असतानाच वहिनी वेणी घालतात आणि दुसऱ्या टोकाला ती पाटाच्या फटीत अडकवून ताणतात. वाळल्यावर पेड आवळत जातात, मग वेणी सैल पडत नाही. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावतात. हत्यारं तीच, चामडं कापायची रापी आणि भोक पाडायची आरी. फक्त छोट्या कामाची आरी वेगळी, शिवणाच्या जाड सुईला लाकडी मूठ बसवून केलेली. रापीला मात्र त्या सारख्या धार लावत होत्या, दोन कापले की दगडावर घासलीच. मला हे बघायला फार बरं वाटलं. बोथट हत्याराने बारीक काम करणाऱ्या लोकांबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्या वादीने शिवलेली असते, हे सगळ्यांना माहीत असतं. या जोडातही खिळा नाही. पण वादीही नाही, ती या मापात शक्यच नाही. कडेला मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके आहेत आणि थर मुळात सोल्युशनने चिकटवलेले आहेत. कडेचे टाके काढून टाकले तरी तळ सुटणार नाही, म्हणजे ते बरेचसे दिसण्यापुरते आहेत. शुद्धतावाद्यांना हे खटकेल. मला पट्टा जिथे तळात शिरतो तिथला टाका महत्त्वाचा वाटतो, कारण सगळा ताण तिथे येतो, आणि तिथे त्यांनी दुहेरी टाका घेतलाय. जिथे गरज आहे तिथे शिवलंय, जिथे नाही तिथे चिकटवलंय.

करकर वाजत नाही. मी विचारलं होतं. वहिनींनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून तुम्ही विचारू नका असं सुचवतो.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी रंगाची. मी एक जोड नैसर्गिक रंगाचा घेतला आणि एक गडद लाल. लालचा रंग बाहुलीच्या तळपायाला लागला, तोही उन्हाळ्यात काही आठवड्यांत. नरम प्लॅस्टिक रंग शोषून घेतं आणि तो साबणाने किंवा स्पिरिटने निघत नाही. बाहुल्यांचे काळे-निळे कपडे वापरणाऱ्यांना हा त्रास माहीत आहे. मोठ्या माणसाच्या पायाला लागलेला रंग अंघोळीत जातो, म्हणून चपलांच्या धंद्यात याचा विचार कुणी करत नसेल. पण बाहुलीच्या ऑर्डरवर हे आधी सांगायला हवं होतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा स्वतःचा तपकिरी रंगच सुरेख असतो, तेल लावलं की आणखी खुलतो. तोच मागा. तरीही जोड कायम पायात ठेवू नका. ठेवायचाच असेल तर तळपायाखाली पारदर्शक प्लॅस्टिकचा पावलाच्या आकाराचा तुकडा सरकवा, दिसत नाही.

दुसरी तक्रार वेळेची. आठ दिवसांत देतो म्हणाले, महिना होत आला तेव्हा जोड मिळाले. लग्नसराई होती, मोठ्या चपलांचं काम आधी हे मला मान्य आहे, तेच त्यांचं पोट आहे. पण मग तारीख सांगताना एक महिना सांगावं. फोन केला की दर वेळी "हुतंय की" एवढंच उत्तर मिळायचं.

तिसरी बारीक आहे. दोन जोडांपैकी एकाचा गोंडा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे आणि चप्पल पुढून जड झाल्यासारखी दिसते. ४५० रुपयांत हे चालावं असं म्हणणारे असतील, मी त्यातला नाही. वेणी दशांश मिलिमीटरात सांभाळणाऱ्या हातांना गोंडाही सांभाळता येतो.

आणि एक सूचना. तळाला काही खूण नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. मोठ्या चपलांवर आता क्यूआर कोड लावण्याचं कामही राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाने हाती घेतलंय. इंचभर चपलेवर कोड बसणार नाही हे मलाही कळतं. पण आरीच्या टोकाने तळावर एखादं अक्षर, एखादा ठिपका? मी वहिनींना म्हटलं, मी पितळेचा छोटा ठसा करून देतो, दीड मिलिमीटरचं अक्षर. त्या म्हणाल्या, "नाव कुनाचं घालायचं, ह्यांचं का माझं?" दादा बाहेर निघून गेले. विषय तिथेच थांबलाय.

किमतीबद्दल. ४५० ऐकल्यावर माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी "एवढ्याशा चपलेला?" असं विचारलं. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा याच गृहस्थांनी मला दिवसभर संतापाचे मेसेज पाठवले होते. बाहुलीच्या चपलेला चामडं बोटभर लागतं, हे खरं. पण पैसे चामड्याचे नसतात. मोठ्या चपलेइतकेच भाग कापायचे, तितक्याच जागी टोचायचं, वेणी घालायचीच, आणि एक टाका चुकला तर दुसऱ्यासाठी जागा उरत नाही. मोठ्या चपलेत चुकलेलं भोक पट्ट्याखाली लपतं, इथे भोक हाच पट्ट्याचा निम्मा भाग असतो. मी घासाघीस केली नाही. तुम्हीही करू नये असं सांगायचा मला अधिकार नाही, पण केलीत तर वहिनी काम घेत नाहीत. माझ्यासमोर एका बाईंना त्यांनी सरळ किचेनचं दुकान दाखवलं.

परदेशातल्या हौशी मंडळींकडून बाहुल्यांचे हाताने केलेले चामडी बूट मागवणारे आपल्याकडेही आहेत. ते काम पाहिलंय, फार वरच्या दर्जाचं असतं, शिवण मशीनला लाजवेल अशी. पण ते लोक बाहुल्यांचे बूट करणारे आहेत. इथे चप्पल करणाऱ्यांनी बाहुलीकडे पाहिलंय, आणि तो फरक पट्ट्याच्या ताणात जाणवतो. प्लॅस्टिकच्या तयार कोल्हापुरीही ऑनलाइन दिसतात. त्यांचा फोटो आणि वस्तू यांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही, पुढे काही बोलत नाही.

पाचांपैकी चार तारे. कापलेल्या एकातला अर्धा रंगाचा, पाव तारखेचा आणि पाव गोंड्याचा.

पावसाळ्यात सांभाळा. तेलावरचं चामडं आहे, बंद डबीत बुरशी धरतं. जोड मिळतो तो औषधाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून, ती डबी फेकून द्या आणि जोड सुती कापडात, सिलिका जेलची पुडी शेजारी ठेवून ठेवा. महिन्यातून एकदा बोटाला खोबरेल तेलाचा ठिपका घेऊन फिरवा. ठिपकाच, जास्त झालं तर तेलही पायाला लागतं.

पत्ता इथे देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. मोठ्या चपलांचं काम आधीच पुरेसं आहे. चप्पल लाइनमध्ये विचारत राहिलात तर कुणीतरी हसून झाल्यावर नंबर देईल. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत जाऊ नका. 'कर्व्ही' असेल तर आधी सांगा, पट्ट्याचं माप बदलतं. ब्लाइथसारख्या लहान पायाच्या बाहुल्यांना करतात का, असं विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, आणून दाखवा, मग सांगते. तेव्हा बाहुली बरोबर न्या. कागदावरचं माप त्या घेत नाहीत.